डावा घरी पोचला

मी एक शिनगार्ड बोलतोय. फुटबॉल खेळणाऱ्याच्या मोज्यात, नडगीवर बसणारी छोटी ढाल असते ना, ती मी. डाव्या पायाची. माझा जोडीदार, उजवा, समुद्रापलीकडे जर्मनीत राहिला. मी जिथे जन्मलो तिथेच, मिनेसोटातल्या एका तळ्याकाठच्या शेडमध्ये, खिळ्याला टांगलेला आहे.

या शेडमध्ये व्हर्न हाल्वरसन होड्या दुरुस्त करतो. त्याच्या मुलाचे, एमेटचे, पाय तेव्हा इतके काटकुळे होते की दुकानातले शिनगार्ड घसरत घोट्यापर्यंत यायचे. एके दिवशी व्हर्नने त्याला उलट्या होडीवर बसवलं, नडग्यांना प्लास्टिक गुंडाळलं आणि एका हिरव्या होडीच्या डागडुजीतून उरलेलं फायबरग्लास, घट्ट होताना तापणाऱ्या चिकट रेझिनमध्ये भिजवून त्यावर थापलं.

"बाबा, तापतंय!"

"तापणारच. गप्प बस. होडी कधी कुरकुरते का?"

"होडीला पाय नसतात."

"आणि तोंडही नसतं. किती बरं!"

असे आम्ही दोघे जन्मलो. पुढे एमेट वाढत गेला, आम्ही होतो तेवढेच राहिलो. पण त्याने आम्हाला बदललं नाही.

मोज्यात असल्यामुळे मला दिसत नसे. ऐकू मात्र सगळं येई. इथल्या मुलांच्या खेळाची रीत मला आवाजावरूनच कळली. सामना संपला की दोन्ही संघ रांगा करतात, समोरासमोरून चालत प्रत्येकाच्या हातावर हात मारतात आणि म्हणतात, "छान खेळलात, छान खेळलात." हरलेलेही म्हणतात. नाक ओढत म्हणतात. एमेटच्या अंगात ही रीत आईच्या दुधासारखी भिनली होती.

एकोणिसाव्या वर्षी त्याला जर्मनीतल्या एका क्लबाने बोलावलं. जुन्या कोळशाच्या खाणींचं गाव. तो मधल्या फळीत खेळायचा. मागून चेंडू घ्यायचा, मान वर करायची आणि पुढच्याला नेमका द्यायचा, हे त्याचं काम. क्लबाचं सामान सांभाळणाऱ्या मान्नीने पहिल्याच दिवशी आम्हाला उचलून धरलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"हे बघा, अमेरिकन कासव मारून त्याची पाठ घेऊन आलाय!"

सगळे हसले. एमेटही हसला. 'कासव' हा जर्मन शब्द तेवढा त्याला कळला नव्हता.

त्याची राहायची सोय हानेलोरे विश्नेव्स्की या विधवा बाईंच्या माळ्यावरच्या खोलीत झाली होती. तो त्यांना 'फ्राउ विश्नेव्स्की', म्हणजे विश्नेव्स्कीबाई, म्हणे आणि अहो-जाहो करी. त्या त्याला अरे-तुरे करीत आणि संध्याकाळी राय धान्याचा काळा पाव, चीज, आंबवलेल्या काकड्या पुढे ठेवीत. नवऱ्याबरोबर उभ्या राहायच्या त्याच जागी, क्लबाच्या मैदानाच्या दक्षिण स्टँडमध्ये, त्या अजूनही उभ्या राहत. तिथे खुर्च्या नाहीत. लोक उभे राहतात, गातात, आणि अख्खा आठवडा त्या दोन तासांवर काढतात.

तिथली एक पद्धत मला अजून झोपेत ऐकू येते. सामन्याआधी निवेदक भोंग्यातून खेळाडूचं फक्त पहिलं नाव घेतो. आडनाव स्टँड म्हणतं, हजारो माणसं एका दमात.

"एमेट…"

"हाल्वरसन!"

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तो बुटाची नाडी बांधता बांधता थांबला. तळ्याकाठच्या एका घराच्या टपालपेटीवर लिहिलेलं नाव, ते ही खाणकामगारांची नातवंडं घसा फाडून ओरडत होती! त्या दिवसापासून एमेटला एकच हवं होतं. इथेच राहायचं, या लोकांचा होऊन राहायचं. त्याचा करार उन्हाळ्यापर्यंतचा होता. पुढे ठेवायचं की परत पाठवायचं, ते वसंतात ठरणार होतं.

मग शेजारच्या गावाशी सामना झाला. ते जांभळ्या सदऱ्यांचे. त्यांचं आणि आमचं आजोबांच्या काळापासून वाकडं. आम्ही शेवटच्या क्षणी हरलो. एमेट सवयीने प्रत्येकाशी हात मिळवत गेला. त्यांच्या एका खेळाडूने सदरा काढून पुढे केला. एमेटने आपला दिला, त्याचा घेतला, खांद्यावर टाकला आणि तसाच स्टँडसमोर, पाठिंब्याबद्दल टाळ्या वाजवायला आला.

आधी ढोल थांबला. मग निषेधाच्या शिट्ट्यांची जी झोड उठली ती मी मोज्यातूनही सोसली.

घरी फ्राउ विश्नेव्स्कींनी सुपाचा वाडगा पुढे आदळला.

"तो जांभळा कपडा या घरात नको. अंगणात नको. कोंबड्यांच्या खुराड्यातही नको."

"पण आमच्याकडे खेळ संपला की…"

"हात मिळव ना! मी कधी नको म्हटलं? माझा मेहुणाच तिकडचा आहे. पण त्यांचा सदरा खांद्यावर टाकून आमच्यासमोर येतोस? ओरडून ओरडून आमच्या घशाला अजून कोरड होती रे! तुझा खेळ संपला होता, आमचा नव्हता."

एमेटने वाडगा बाजूला सारला. त्याला कुणाचा अपमान करायचा नव्हता. ज्याला तो चांगुलपणा समजत होता, त्यानेच घात केला होता.

पुढच्या घरच्या सामन्यात निवेदक म्हणाला, "एमेट…"

कुणीच काही म्हणालं नाही.

कुठेतरी झेंड्याची दोरी काठीवर आपटत होती. त्या दिवशी त्याने मान वर केलीच नाही. चेंडू मागून येई आणि तो घाईने मागेच देई. प्रशिक्षकांनी त्याला मध्यंतरातच बाहेर बसवलं.

त्याने व्हर्नला फोन केला.

"बाबा, मी परत येऊ का?"

"ये की. होड्या भरपूर आहेत," व्हर्न म्हणाला. होडीवर रेतीकागद घासता घासता त्याने विचारलं, "ते अजून मैदानावर येतात ना?"

"येतात. माझ्यावर शिट्ट्या मारायला."

"मग तू कुठे पळतोस? उभा राहा तिथे. काय म्हणतात ते ऐक तरी."

त्यानंतरचा सामना आम्ही पुन्हा हरलो. पाऊस पडत होता. आमचे खेळाडू लांबूनच टाळ्या वाजवून आत पळाले. एमेट एकटा मैदान ओलांडून दक्षिण स्टँडच्या कुंपणापाशी गेला आणि थांबला. चिखलाने माझा मोजा घसरला होता, म्हणून ती माणसं मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. भिजलेली, चिडलेली, साधी माणसं.

"आज कुणाचा सदरा घालतोस रे? विकत घेऊन देऊ?"

"जा तुझ्या अमेरिकेत! तिथे हरल्यावर बक्षीस देतात म्हणे!"

एमेट हलला नाही. सगळं ऐकत राहिला. बोलणाऱ्यांचे शब्द हळूहळू संपत आले. मग काले पुढे झाला. हा नळदुरुस्ती करणारा, स्टँडमध्ये ढोल त्याच्याकडे. एमेट त्याला द्यायला सदरा काढू लागला तसा काले ओरडला, "सदरा ठेव अंगावर! तो क्लबाचा आहे. तुझं स्वतःचं काय आहे?"

एमेट ओल्या गवतावर बसला. त्याने उजवा मोजा खाली ओढला, माझ्या जोडीदाराला काढलं आणि कुंपणावरून पुढे धरलं.

"हे बाबांनी केलंय. माझ्या पायावर. होडीतून उरलेलं आहे," तो मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला. "माझ्याकडे माझं एवढंच."

कालेने उजव्याला उलटसुलट पाहिलं. आतल्या बाजूला लहान मुलाच्या नडगीचा आकार होता. त्याने तिथे अंगठा फिरवला.

"अरे, मान्नी म्हणतो तसं हे तर खरंच कासव आहे," तो म्हणाला, पण आवाज बदलला होता.

मागून एक ओळखीचा आवाज आला. "पोरगा काकडलाय! काय भाषण करायचं ते आटपा! आणि तू, गाढवा, आत जा. सूप गार होतंय!"

लोक हसले. फ्राउ विश्नेव्स्की घरी पोचल्या तेव्हा कालेकडून घेतलेला उजवा त्यांच्या कोटाच्या खिशात होता. टेबलापाशी बसत त्या म्हणाल्या, "आता ते फ्राउ-बिऊ बंद. लोरे म्हण मला."

"बरं… लोरे. तू मीठ देतेस?"

"बघा, लगेच कामाला लावलं!"

पुढच्या शनिवारी लोरेने आपल्या गळपट्ट्याने उजव्याला स्टँडच्या कठड्याला बांधलं. उजव्या पायात मान्नीने दिलेला नवा, परका शिनगार्ड होता. तो बिचारा मला काही विचारत होता, पण माझं लक्ष नव्हतं.

"एमेट…"

दोरी पुन्हा काठीवर आपटली. मग एका म्हातारीचा चिरका आवाज एकटाच उठला, "हाल्वरसन!" आणि तिच्यामागून अख्खं स्टँड.

क्लबाने त्याला ठेवून घेतलं. गुडघा दुखावेपर्यंत तो तिथेच खेळला. निघताना त्याने उजव्याला मागितलं नाही. सामना नसला की तो लोरेच्या पावाच्या डब्यावर असे, तसा तेव्हाही होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, बस.

आता एमेट इकडे, तळ्याकाठच्या गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवतो. सामना संपला की त्या रांगेने हात मिळवतात, आणि मग हरल्या तरी आपल्या माणसांसमोर जाऊन उभ्या राहतात. सुरुवातीला आईबाप अवघडून पाय हलवायचे. आता एमेट कर्णा तोंडाशी धरून एकेकीचं पहिलं नाव घेतो आणि चार फळ्यांच्या बाकांवरून आडनावं येतात. खिडकी उघडी असली की मला इथे खिळ्यावर ऐकू येतं.

तुम्ही कधी सामन्याच्या दिवशी त्या खाणींच्या गावी गेलात, तर दक्षिण स्टँडच्या कठड्याला एक हिरवा तुकडा बांधलेला दिसेल. त्याच्यावरून हात फिरवा. त्याला सांगा, डावा घरी पोचला. आणि तेवढ्यात भोंग्यातून एखाद्या नव्या, बावरलेल्या पोराचं नुसतं पहिलं नाव आलं, तर कृपा करून गप्प राहू नका.