डाव्या दारातला आवाज

मित्रांनो, मला पाहून तुम्ही आधी हसाल. नाक लांब, पाठ बसकी, दारे दोनच आणि रंग थेट मिकानचा. मिकान म्हणजे आमच्याकडची छोटी, सहज सोलता येणारी संत्री. आमच्या डोंगरभर त्यांच्याच बागा आहेत, त्यामुळे लांबून मी बागेतून घरंगळत आलेले एखादे फळच वाटते. मी एक जुनी जपानी गाडी आहे. एके काळी शर्यतीच्या गाड्यांची चुलत बहीण म्हणून मी फार मिरवत असे. आता पन्नाशी उलटली आहे, तरी अजून रस्त्यावर आहे. यात माझा पराक्रम काही नाही. ज्यांचा आहे, त्यांच्याविषयीच मला सांगायचे आहे.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. ठिणग्या, रंगाचा उग्र वास आणि शेवटी पांढरे हातमोजे घातलेला एक कामगार. त्याने माझे डावे दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा मिटले आणि कान देऊन ऐकले. 'टप्' असा घट्ट आवाज आला तेव्हा कुठे त्याने मान हलवली. ते दार लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढचे सगळे त्याच दाराभोवती आहे.

माझे पहिले मालक मात्सुयामा शहरातले एक दंतवैद्य होते. त्यांची हौस मोठी, पण लवकर फिटणारी. लोकांच्या दातांतली कीड शोधणाऱ्या या गृहस्थांना माझ्या पत्र्याला लागलेला गंज मात्र कधी दिसला नाही. त्यांनी नवी गाडी घेतली आणि मला पत्र्याच्या शेडखाली ढकलून दिले. टायर बसले, काचा धुरकट झाल्या, आणि मागच्या काचेखाली एका मांजरीने पिल्ले घातली. मला त्या पिल्लांचा आधारच वाटे. पण तीही मोठी होऊन निघून गेली.

मग एके दिवशी तेरुओसान आले. बेटांवर जाणाऱ्या प्रवासी बोटीच्या इंजिनखोलीत ते काम करत. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी बॉनेट उघडले आणि थंडगार इंजिनावर तळवा ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. इतक्या वर्षांत मला कुणी असा हात लावला नव्हता. त्याच दिवशी दुसऱ्या गाडीला बांधून त्यांनी मला घरी आणले.

दारात त्यांच्या पत्नी साचिएसान उभ्या होत्या.

"ही काय आणलीत?"

"गाडी."

"जागा तर दोघांचीच दिसतेय. मग सासूबाई कुठे बसणार? टपावर?"

"म्हणून तर घेतली," तेरुओसान हळूच म्हणाले.

"मला ऐकू येतं हं!" आतून सासूबाई कडाडल्या.

तिथून माझे खरे आयुष्य सुरू झाले. माझा तळ इतका सडला होता की सीटवर बसून खालची जमीन दिसे. तेरुओसानांनी सडका पत्रा कापून काढला आणि नवे तुकडे जोडले. आमच्याकडे समुद्राचा वारा खारा, पत्र्याचा वैरी. म्हणून किनाऱ्याच्या रस्त्यावरून आले की स्वतः जेवायच्या आधी ते माझे पोट गोड्या पाण्याने धूत. इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या माझ्या दोन कार्ब्युरेटरांचे आपापसांत पटत नसे. तेव्हा रबरी नळीचे एक टोक कार्ब्युरेटरला आणि दुसरे कानाला लावून ते दोघांचा श्वास सारखा करत. नळी नेहमी उजव्या कानालाच लागे. डावा कान बोटीच्या इंजिनाने केव्हाच खाल्ला होता. पण हे कबूल करतील तर ते तेरुओसान कसले!

"मला सगळं ऐकू येतं," ते म्हणत. "लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात."

एक काम मात्र त्यांना एकट्याने जमत नसे. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची, तर एकाने खाली झोपून स्क्रू सैल करायचा आणि दुसऱ्याने वर बसून पेडल दाबायचे. ते काम साचिएसानांकडे आले. त्या तेव्हा सहकारी संस्थेत मिकान निवडायला जात. तिथून दमून आल्या तरी हातपाय धुऊन माझ्या सीटवर येऊन बसत. मग खालून हुकूम सुटे.

"दाब!"

"दाबला."

"धर!"

"धरलाय."

"सोड!"

"सोडला. आणि भात करपला तर मला बोलायचं नाही!"

अशा साचिएसान वर्षानुवर्षे माझ्या पेडलवर होत्या, पण मला चालवले त्यांनी एकदाही नाही. त्यांचे लायसन्स बिनगिअरच्या गाडीपुरतेच होते. आमच्याकडे तसे लायसन्सवर छापलेलेच असते. क्लच-गिअरची गाडी त्या लायसन्सवर चालवणे म्हणजे गुन्हा.

आता डाव्या दाराकडे येऊ. एकदा त्याची काच वर-खाली होईना. तेरुओसानांनी दाराचे आतले कव्हर काढून ती दुरुस्त केली, आणि कव्हर परत लावण्याआधी त्यांचा दहा नंबरचा पाना निसटून दाराच्या पोटात पडला. खणकन आवाज झाला. पण झाला तो त्यांच्या डाव्या बाजूला. त्यांनी कव्हर लावले, दार मिटले आणि मग पाना शोधत बसले. शेवटी संशय कुणावर, तर हामाकावांवर! हामाकावा म्हणजे खालच्या गल्लीतले गॅरेजवाले, तेरुओसानांचे शाळेपासूनचे मित्र. त्या दिवशी ते चहाला येऊन गेले होते, एवढाच त्यांचा अपराध.

तेव्हापासून हामाकावा दिसले की तेरुओसान म्हणत, "पाना आणलास का?"

"अरे, माझ्या गॅरेजात पान्यांचा खच पडलाय! तुझा एक घेऊन मी काय लोणचं घालू?"

मी माझ्या परीने सांगत होते. उजवे वळण आले की पाना दारात सरके आणि टिक, टिक, टिक असे वाजे. साचिएसान त्याच दाराला लागून बसत, त्यांना स्वच्छ ऐकू येई.

"अहो, या दारात काहीतरी वाजतंय."

"काही वाजत नाही. माझी गाडी आहे, मला कळणार नाही?"

"वाजतंय हो. टिक टिक."

"तुझं घड्याळ असेल."

साचिएसान खिडकीबाहेर बघत बसत. पुढे त्यांनी सांगणे सोडले, पण वळण आले की हातातली पिशवी दारावर दाबून धरत. माझी चेष्टा होऊ नये म्हणून त्या असे करतात, असे मला वाटे. खरे तर चेष्टा त्यांचीच होत होती.

तरी दिवस चांगले होते. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीला जायचे आणि पास होऊन यायचे. माझे सुटे भाग बनणे बंद झाले, तेव्हा हामाकावांनी कुठून कुठून भंगारातून ते मिळवून आणले. आज माझा आरसा एका गाडीचा आहे, क्लच दुसऱ्या गाडीचा, आणि मागचा दिवा अशा एकीचा, जी कधीच वितळून गेली. त्या सगळ्यांचे माझ्यावर ऋण आहे.

मग तेरुओसानांची नजर अधू झाली. समोरचे दिसे, पण डावीकडचा कोपरा गेला. एका वळणावर मी रस्त्याकडेच्या खांबाला घासले. ते उतरले, माझ्या ओरखड्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "आज खांब होता. उद्या माणूस असेल." दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन लायसन्स आपणहून परत केले. मित्रांनो, मी त्यांची गाडी आहे याचा मला त्या दिवशी जितका अभिमान वाटला, तितका कुठल्याही शर्यतीत वाटला नसता.

पण पुढे माझे काय? उभी गाडी मरते. ब्रेक धरतात, पेट्रोल सडते, रबर तडकते. हामाकावांनी मला चालवावे, तर त्यांच्या गुडघ्यांना माझी बसकी सीट सोसत नव्हती. "कुजण्यापेक्षा विकलेली बरी," तेरुओसान म्हणाले आणि ओसाकाच्या एका व्यापाऱ्याला बोलावून घेतले. मिकानची तोडणी संपली की तो मला न्यायला येणार होता. कुठे, कुणाकडे, काही ठाऊक नव्हते. मला शेडचे दिवस आठवू लागले.

त्याच सुमाराला साचिएसानांनी समूहगानाच्या वर्गाला नाव घातले, असे त्यांनी घरी सांगितले. दुपारी तेरुओसान आडवे झाले की त्या हळूच माझ्यापाशी येत. पाठीमागे उशी घेत, चावी न लावता क्लच दाबत, गिअर टाकत आणि स्वतःशीच पुटपुटत, "दाब... धर... सोड. हळू सोड गं बाई." कधी चुकीचा गिअर पडला की माझी माफी मागत. तेव्हा मला कळले की हे काही गाण्याचे नाही.

व्यापारी ठरल्या दिवशी आला. त्याने बॉनेट उघडून माझे तोंडभर कौतुक केले आणि चावी मागितली. तेरुओसानांनी खिसे चाचपले.

"अगं, चावी कुठंय?"

"माझ्याकडे." साचिएसान कापडी बूट घालून तयार होत्या. त्यांनी आपले लायसन्स पुढे केले. तेरुओसानांनी ते डोळ्यांजवळ नेले, उजवीकडे सरकवले.

"यावर बिनगिअरची अट होती ना? ती ओळ कुठे गेली?"

"पुसून आले. परीक्षा देऊन."

"तू तर समूहगानाला जात होतीस!"

"गायला माझा आवाज कुठे आहे! इतक्या वर्षांत तेवढंही ऐकलं नाहीत?" मग त्या व्यापाऱ्याकडे वळल्या. "तुम्ही बसा हो. मिकान खा, चहा घ्या. मी हिला खिंडीपर्यंत नेऊन आणते. वाटेत बंद पडली, तर खुशाल घेऊन जा."

तेरुओसान आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डाव्या सीटवर बसले. चावी फिरली, आणि फाटकातच मी आचका देऊन बंद पडले.

"पडली," तेरुओसान म्हणाले.

"अजून वाट कुठे सुरू झालीय!"

पुन्हा चावी फिरली. या वेळी आम्ही रस्त्याला लागलो. चढ वाढत गेला. मध्येच पुढचा मिकानचा टेंपो पेट्या चढवायला थांबला, आणि आम्हालाही ऐन चढावर थांबावे लागले. मागे उतार, खाली समुद्र. तेरुओसान सवयीने बोलू लागले, "दाब... धर..."

"गप्प बसा. आज मीच दाबते, मीच धरते आणि मीच सोडते."

टेंपो हलला. साचिएसानांनी हँडब्रेक सोडला, क्लच हळूहळू वर घेतला. माझ्या अंगाला कंप सुटला. मित्रांनो, त्या क्षणी मी अंगात होते नव्हते तेवढे बळ लावले. मी एक बोटभरही मागे सरकले नाही. पुढे गेले!

नंतर ते मोठे उजवे वळण आले. तेरुओसानांचे डावे कोपर दारावर टेकलेले होते. पाना सरकला. टिक, टिक, टिक. त्यांच्या कानाला ते कळले की नाही कोण जाणे, पण इंजिनांची दुखणी हाताने ओळखणारा तो माणूस होता. त्यांनी कोपर उचलले आणि दारावर तळवा ठेवला. पुढच्या वळणालाही तो तसाच होता.

खिंड आली. "थांबव," ते म्हणाले.

साचिएसानांचा चेहरा उतरला. "का? काय चुकलं माझं?"

"या दारात काहीतरी वाजतंय."

साचिएसान हसू लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"तू सांगत होतीस," तेरुओसान म्हणाले.

"सांगत होते."

"मी ऐकलं नाही. चुकलो." आमच्याकडे माफी मागताना झुकवतात तशी त्यांनी मान खाली झुकवली.

तिथून आम्ही तडक हामाकावांच्या गॅरेजात गेलो. कव्हर निघाले आणि गंजलेला दहा नंबरचा पाना खाली पडला. हामाकावांनी तो उचलून डोक्यावर धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "बघा! बघा रे, चोर सापडला!" तेरुओसानांनी त्यांच्यापुढेही मान झुकवली. पण हामाकावा कसले ऐकतात. त्यांनी दोनदा झुकवायला लावली.

आम्ही घरी परतलो तेव्हा व्यापाऱ्यापुढे सालींचा ढीग झाला होता. त्याने दोघांची तोंडे पाहिली, काही विचारले नाही आणि मिकानची पिशवी घेऊन हसत निघून गेला.

आता मला साचिएसान चालवतात. ब्रेकची हवा काढायची असली की पेडलवर तेरुओसान बसतात आणि खालून साचिएसानांचा आवाज येतो, "दाबा!" माझी चाके, माझा आवाज, माझा हा उतारवयातला डौल, सगळे या दोघांनी आणि एका थट्टेखोर गॅरेजवाल्याने मला दिले आहे. ते फेडायला माझ्यापाशी एकच गोष्ट आहे: सकाळी चावी फिरली की पहिल्या झटक्यात सुरू होणे.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी सायकल, पंखा, शिलाईयंत्र असेल. त्याला तेल द्या, पुसा, गंजू देऊ नका. आणि शेजारी बसलेले माणूस 'काहीतरी वाजतंय' म्हणाले, तर एकदा त्याच्या जागेवर बसून पाहा.

तो पाना तेरुओसानांनी आठवण म्हणून माझ्या पुढच्या कप्प्यात ठेवला आहे. परवा उजव्या वळणावर तो तिथेही सरकला. टिक, टिक. साचिएसानांनी तोंड उघडण्याआधीच तेरुओसान म्हणाले, "हो, हो. वाजतंय."