आजोबांच्या कपाळावरची आठी

नर्सिंग कॉलेजातल्या मुली ट्यूटरबाईंना पाठीमागे थर्मामीटर म्हणायच्या. समोर नुसतं उभं राहिलं तरी बाईंना आपल्या पोटातलं कळतं, अशी त्यांची खात्री होती. बाईंना हे नाव ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात आवडतही होतं. डोक्यावरचे केस पिकेपर्यंत त्यांनी एकच घोशा लावला होता: आधी कागदावर डोस काढा, मग पेशंटच्या चेहऱ्याकडे बघा, मग सुईला हात लावा. मुली माना डोलवायच्या आणि पहिल्याच पायरीवर आडव्या पडायच्या. बाटलीतल्या औषधाची ताकद एक, पेशंटचं वजन दुसरं, डॉक्टरांनी लिहिलेला आकडा तिसराच. या तिघांची मोट बांधताना भल्याभल्या हुशार मुलींची पाचावर धारण बसायची. काहींना तर रडूच फुटायचं.

त्यामुळे कॉलेजात संगणकावरचा तो खेळ आला तेव्हा सगळ्यांत जास्त कोण हरखलं असेल तर बाईच. खेळ साधा होता. पडद्यावर वॉर्ड, वॉर्डात खाट, खाटेवर एक आजारी आजोबा. शेजारी ट्रे, आणि ट्रेमध्ये औषधाच्या बाटल्या. मुलीने नेमकी बाटली उचलायची, नेमका डोस भरायचा. बरोबर आलं की आजोबा उशीला टेकून बसायचे आणि गुण मिळायचे. चुकलं की मरायचे. मरताना मात्र मोठ्या समजूतदारपणे म्हणायचे, "असू दे पोरी, पुन्हा बघ," आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा खाटेवर हजर.

मुलींना त्या म्हाताऱ्याने वेडच लावलं. एरवी घंटा व्हायच्या आधी चपला घालून बसणाऱ्या पोरी जेवणाची सुट्टी विसरून आजोबांना वाचवत बसू लागल्या. "सकाळपासून माझे आजोबा दोनदा गेले गं," असं एक मुलगी लिफ्टमध्ये मैत्रिणीला म्हणाली, तेव्हा लिफ्टवाल्या काकांनी हळहळून हात जोडले. पण चाचण्यांचे गुण असे काही वर गेले, की प्राचार्यांनी त्याचा तक्ता करून दारावर लावला. मुलींचे हात थरथरायचे थांबले. हे नाकारून चालणार नाही. खेळाने त्यांची भीती घालवली, अगदी मुळापासून घालवली.

बाईंची भाची याच वर्गात होती. धाकट्या बहिणीची मुलगी, शिकायला बाईंच्याच घरी राहिलेली. घरी मावशी म्हणायची, कॉलेजात मॅडम. शाळेत असताना गणित म्हटलं की हिच्या पोटात दुखायचं. "तुझ्या पदरात टाकतेय हिला," बहीण म्हणाली होती, "धड नर्स कर, नाहीतर परत पाठव." तीच भाची आता गुणांच्या तक्त्यात सगळ्यांच्या वर होती. बाई बहिणीला फोनवर हे सांगताना फुशारकी मारायच्या नाहीत, पण आवाज फुलायचाच. येत्या सोमवारपासून वर्गाला प्रत्यक्ष वॉर्डात जायचं होतं. तिथे आजोबा पुन्हा उठत नाहीत, हे बाईंनी मुलींना हसत हसत सांगितलंही होतं.

शुक्रवारी संगणकाच्या खोलीत फेरी मारताना बाई भाचीच्या मागे थबकल्या. संगणकाशेजारी हिशेबासाठी ठेवलेला कागदांचा गठ्ठा करकरीत कोरा होता.

"हिशेब कुठाय?"

"लागत नाही, मॅडम."

"तोंडी करतेस?"

"नाही हो. आजोबा सांगतात."

बाईंना वाटलं, पोर चेष्टा करतेय. पण भाची अगदी सरळपणे पडद्याकडे बोट दाखवत होती. "त्यांच्या कपाळाकडे बघा. आठी आहे ना? आता मी हात या बाटलीवर नेते. आठी तशीच. पुढच्या बाटलीवर, तरी तशीच. आता ही तिसरी. दिसलं?"

बाईंना काहीच दिसलं नाही. भाचीने पुन्हा करून दाखवलं. मग दिसलं. हात बरोबर बाटलीवर आला की आजोबांच्या कपाळावरची आठी किंचित सैल पडायची. डोस भरतानाही तेच. आकडा वाढत जायचा, आणि नेमक्या जागी म्हाताऱ्याचा चेहरा निवळायचा.

बाईंनी हातातली फाइल पडद्यावर आडवी धरली. आजोबांचा चेहरा झाकला गेला, ट्रे तेवढा उघडा राहिला. "आता कर."

भाचीने आजोबांना मारलं. पुन्हा केलं, पुन्हा मारलं. तिच्या तोंडावर लाज नव्हती, भीती तर नव्हतीच. "चेहरा झाकल्यावर मी कसं ठरवणार, मॅडम?" एवढंच तिने विचारलं, आणि तेही बाईंचंच काहीतरी चुकतंय अशा सुरात.

बाईंनी मग सगळ्या वर्गाला आपापल्या पडद्याचा वरचा भाग कागदाने झाकायला लावला. मग कोपऱ्यातल्या संगणकातून आवाज आला, "असू दे पोरी, पुन्हा बघ." खिडकीजवळून आला. मधल्या रांगेतून एकदम दोन-तीन आले. बघता बघता सगळी खोली त्या मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या प्रेमळ आवाजाने भरून गेली, आणि मुली खुसुखुसु हसायला लागल्या.

बाई तडक प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि खेळ बनवणाऱ्या माणसाला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, कल्पना तुमचीच," तो तरुण माणूस आदराने म्हणाला. "नमुना दाखवायला आलो होतो तेव्हा तुम्ही म्हणालात, मुलींना पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायची सवय लागली पाहिजे. म्हणून आम्ही चेहरा बोलका केला."

"मी आजार दिसावा म्हणून म्हटलं होतं. उत्तर दिसावं म्हणून नाही," बाई म्हणाल्या.

"पहिल्या टप्प्यापुरतंच होतं ते. नवख्या मुलींना धीर यावा म्हणून. पण पुढच्या टप्प्यांत काढून बघितलं तर मुली खेळ अर्ध्यावर सोडायला लागल्या. मग राहू दिलं."

"मुलींना कळेल असं वाटलं नाही तुम्हाला?"

"आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं, मॅडम. त्यांचं त्यांनाच कळलं."

तो हे जरा कौतुकानेच म्हणाला. फोन ठेवल्यावर बाईंनी प्राचार्यांकडे एकच मागणं मागितलं. वॉर्ड पुढे ढकला. मुलींना पुन्हा कागदावर बसवते, तयार झाल्या की पाठवा.

"हॉस्पिटलवाले माणसं कमी पडतात म्हणून रोज माझा जीव खातायत," प्राचार्या म्हणाल्या. "आणि मुली पूर्वीसारख्या थरथरत नाहीत, हे तरी खरं ना? उरलेलं वॉर्डात शिकतील. तुम्ही असालच की तिथे."

बाई होत्याच. पण वॉर्डात खाटा पुष्कळ आणि बाई एक, हे प्राचार्यांना कुणी समजावून सांगायचं?

निदान घरची पोर तरी सावरू, म्हणून रविवारी बाईंनी भाचीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. स्वतः समोर बसल्या. बाटलीची ताकद, पेशंटचं वजन, डॉक्टरांचा आकडा. एकेक गणित घालायच्या आणि पोर सोडवायची. हळू सोडवायची, पेन्सिल मध्येच थांबायची, पण उत्तर बरोबर यायचं. संध्याकाळपर्यंत एकही चुकलं नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बहिणीला फोन करून सांगितलं, "तुझी लेक हुशार आहे गं. नुसती आळशी आहे."

सोमवारी सकाळी मुली पांढऱ्या गणवेशात वॉर्डात ओळीने उभ्या राहिल्या, आणि वॉर्ड सिस्टरने प्रत्येकीला एकेक खाट वाटून दिली. "ट्रे लावलेत. औषध भरून ठेवा, मी तपासल्याशिवाय कुणी टोचायचं नाही," असं ती म्हणाली खरी. पण तेवढ्यात दारातून स्ट्रेचर आलं, रक्ताने भिजलेला माणूस आला, आणि वॉर्ड सिस्टर त्याच्यामागे पलीकडच्या खोलीत धावली. ती परत यायचं चिन्ह दिसेना.

भाचीच्या खाटेवर एक किराणा दुकानदार होता. पायात रक्ताची गुठळी झालेली, दुखण्याने चेहरा आक्रसलेला. त्याच्या ट्रेमध्ये रक्त पातळ करायच्या औषधाच्या दोन बाटल्या होत्या. औषध तेच, पण एक साधी आणि दुसरी तिच्या दहापट कडक. लेबलाचा रंग तेवढा वेगळा. हिशेब न करता चुकीची उचलली तर माणूस आतल्या आत रक्त वाहून जातो, आणि पुन्हा बघ म्हणायला कुणी उरत नाही.

दुकानदाराची बायको स्टुलावर बसली होती. "पोरी किती मायेने बघतात हो," ती बाईंना म्हणाली. "नाहीतर बाकीचे नुसते कागद वाचून निघून जातात."

बाईंनी वळून पाहिलं. भाची ट्रेकडे बघतच नव्हती. तिची नजर दुकानदाराच्या कपाळावर खिळली होती, आणि हात ट्रेवरून हळूहळू सरकत होता. साध्या बाटलीवर आला, थांबला, पुढे गेला. कडक बाटलीवर आला. नेमकं तेव्हाच बायकोने नवऱ्याच्या दुखऱ्या पायाखाली उशी सरकवली, आणि दुकानदाराने सुस्कारा टाकला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या.

भाचीने कडक बाटली उचलली, सुई खुपसली आणि सराईतपणे सिरिंज भरली. हात जराही थरथरला नाही. सलाईनच्या नळीला सुई लागणार, एवढ्यात बाईंनी झेप घेऊन तिचं मनगट धरलं.

"सिस्टर तपासणार होत्या ना?"

"पण चेहरा निवळला, मावशी." घराबाहेर ती पहिल्यांदाच मावशी म्हणाली. "निवळल्यावर थांबायचं नसतं. उशीर झाला तरी आजोबा मरतात."

बाईंनी सिरिंज काढून घेतली. "काल घरी केलंस तसं कर," त्या म्हणाल्या. "तोंडी सांग. साध्या बाटलीतून किती मिली भरायचं?"

"दहा," भाची म्हणाली आणि थांबली. "आठ." पुन्हा थांबली. "सहा. पाच?" तिचे डोळे बाईंच्या भुवयांमधून हलले नव्हते. पाच हे उत्तर बरोबर होतं, आणि ते ऐकताच आपल्या कपाळावरची आठी सैल पडली हे बाईंना जाणवलं. "पाच," भाची आता ठामपणे म्हणाली. काल दिवसभर टेबलापलीकडे बसून ही पोर काय सोडवत होती, ते बाईंना कळलं.

मग त्यांनी मान वर करून वॉर्डाकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना, पार टोकाच्या खिडकीपर्यंत, प्रत्येक खाटेशी एकेक मुलगी उभी होती. मान किंचित वाकवलेली, नजर पेशंटच्या चेहऱ्यावर, हात ट्रेवर अधांतरी. कुणी पेशंट पेंगत होता, कुणी कण्हत होता, एका म्हातारीला तिची सून घोट घोट पाणी पाजत होती. सगळीकडे नातेवाईक कौतुकाने बघत होते.

"थांबा," बाई म्हणाल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "सगळ्या थांबा. बाटली खाली."

मुली थांबल्या. सगळ्यांनी एकदम वळून बाईंकडे पाहिलं. काही हात बाटलीवरून मागे आले, पण खाली गेले नाहीत. म्हातारीच्या खाटेशी उभ्या असलेल्या मुलीने आपला हात हळूच एका बाटलीवरून दुसऱ्या बाटलीवर नेला. मग तिसरीवर. शेजारच्या मुलीनेही तेच केलं. मग तिच्या शेजारचीने. वॉर्डभर हात संथपणे सरकू लागले, आणि त्या सगळ्या आज्ञाधारक नजरा बाईंच्या कपाळावर खिळून राहिल्या.

बाईंनी दोन्ही हातांनी आपला चेहरा झाकून घेतला. त्या अंधारात त्यांना एका बाटलीचं टोपण निघाल्याचा आवाज आला.