मला तेल घालू नका

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. पण माझ्यामुळे तुम्ही एकदा तरी उशीत तोंड खुपसले असेल, हे मी पैजेवर सांगते.

मी एक जुने दार आहे. जाड लाकडाचे, ठेंगणे, चौकटीसकट. सध्या मी आवाज मुद्रित करायच्या एका खोलीत मधोमध उभे आहे. माझ्या पुढे जी खोली, मागेही तीच. कुठेच न नेणारे दार! मला काम एकच. पडद्यावर ख्रिस्ती मठातली भुताटकी सुरू झाली, लांबलचक बोळात काळ्या झग्यातली, पांढऱ्या डोळ्यांची सिस्टर उभी राहिली आणि टोकाचे दार आपोआप उघडू लागले, की तो ‘कर्रर्रर्र’ मी द्यायचा. असे सिनेमे एकामागून एक इतके निघाले, की भुतांना एकमेकींचे झगे उसने आणावे लागत असतील.

पण एक गोष्ट मी ठणकावून सांगते. मी जन्मात कधी आपोआप उघडलेले नाही. आणि मठातले मला कोणी शिकवू नये, कारण माझे तरुणपण मठातच गेले.

खऱ्याखुऱ्या सिस्टरांच्या मठात मी कोठीचे दार होते. माझ्यामागे पिठाची पोती, साबणाच्या वड्या आणि जॅमच्या बरण्या असत. इतक्या वर्षांत भूत काही मला दिसले नाही. दिसल्या त्या गुडघे धरून जिना चढणाऱ्या सिस्टर, साबण कोणी भिजत ठेवला यावरून धुसफुसणाऱ्या सिस्टर, आणि प्रार्थनेत बेसूर गाऊनही पहिली रांग न सोडणारी एक सिस्टर. कोठीची जबाबदारी मोठ्या सिस्टरकडे होती. तिला डोळ्यांनी फारसे दिसत नसे. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसे.

“सिस्टर, या दाराला थोडं तेल घाला ना. कान किटले आमचे,” बाकीच्या म्हणत.

“किटू देत,” मोठी सिस्टर म्हणे. “ते माझं काम करतंय.”

ती डोळ्यांत तेल घालून पहारा करते असे सगळे म्हणत. खरे तर ती मला तेल न घालता पहारा करत होती. पीठ न्यायला आलेली सिस्टर मला बेधडक ओढी. एकदाच ‘टक’ वाजे आणि मोठी सिस्टर मान वर करत नसे. पण जॅमवर डोळा ठेवून आलेली तरुण सिस्टर मला दोन्ही हातांनी किंचित वर उचले आणि इंचाइंचाने उघडी. तिला वाटे, उचलले की वाजणार नाही. उचलल्यामुळेच तर बिजागरीची पिन कडेला घासे! हळू उघडल्यामुळे ते घासणे संपता संपत नसे. ‘कर्रर्रर्र.’

“कोण गं ती?” स्वयंपाकघरातून आवाज येई. “बरणी डावीकडे आहे. चमचा घे हो, बोट घालू नकोस.”

चोरी पकडली जाई आणि जॅमही मिळे. असा न्याय मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

मोठी सिस्टर देवाघरी गेली. तिच्या मागे मठात लोखंडी दारे बसली आणि मी जुन्या लाकडाच्या वखारीत जाऊन पडले. तिथे एक दिवस आवाजबाई आली. तिला सगळे याच नावाने ओळखतात, कारण सिनेमातली पावले, पाऊस, तुटणारी हाडे असले सगळे आवाज ती हाताने काढते. हाडांसाठी ती कोबी मोडते. ती एकेक दार हलवून पाहू लागली.

“बाई, दार घ्यायला आलात की झोके घ्यायला?” वखारवाला म्हणाला.

तिने माझ्या बिजागरीला कान लावला. “हे द्या.”

“अहो, ते करकरतं.”

“म्हणून तर!”

तेव्हापासून मी भुतांची नोकरी करू लागले. चित्रपटगृहात लोक किंचाळत, आणि पुष्पगुच्छ मिळे भूत झालेल्या नटीला. माझ्या वाट्याला फडके. तेही चालले असते. पण मला राग येई तो वेगळाच. अहो, भूत भिंतीतून आरपार जाते म्हणता, मग त्याला दार हवे कशाला? आणि उघडायचेच तर इतके हळू का? भुताला कोणाची भीती? हळू दार उघडतो तो चोर, नाहीतर भ्यालेला माणूस. एवढे साधे गणित सिनेमावाल्यांना जमत नाही आणि बिचाऱ्या सिस्टरांच्या नावाने बोंब!

मग स्टुडिओच्या मालकाच्या डोक्यात वारे शिरले. “कॉम्प्युटरमध्ये करकरींचे ढीग पडलेत,” तो म्हणाला. “या धुडाने खोली अडवली आहे.”

“त्या करकरी लोकांना पाठ झाल्यात,” आवाजबाई म्हणाली. “एकाही माणसाच्या अंगावर काटा येत नाही.”

शेवटी ठरले ते असे. मठातल्या भुताचा नवा सिनेमा आवाजांसाठी स्टुडिओत आला होता. त्याचा दिग्दर्शक उद्या येऊन दोन्ही आवाज ऐकणार. त्याने माझा निवडला तर मी राहीन. कॉम्प्युटरचा निवडला, तर माझे सरपण.

नेमके त्याच दिवशी आवाजबाईचे बाबा तिचा जेवणाचा डबा घेऊन आले. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. आता लेकीकडे राहतात, आणि त्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत. लेक खोलीत नव्हती. त्यांनी मला एकदा हलवले, कपाळाला हात लावला आणि पिशवीतून तेलाची बाटली काढली. पोरीच्या कामाच्या जागी असले दार, लोक सुताराला काय म्हणतील! किती मायेने त्यांनी मला तेल पाजले म्हणून सांगू. मी मात्र आतून ओरडत होते.

आवाजबाई आली, मला ओढले. काही नाही. पुन्हा ओढले. काहीच नाही.

“बाबा, काय केलंत?”

“काय करणार? बघ, लोण्यासारखं फिरतंय.”

“अहो बाबा, त्या आवाजावर तर माझं पोट आहे!”

बाबा मटकन स्टुलावर बसले. “जन्मभर लोकांनी मला कुरकुर घालवायला बोलावलं गं,” ते म्हणाले. “कुरकुर जपायची असते, हे मला कोण सांगणार?”

मग त्यांनी बिजागऱ्या रॉकेलने धुतल्या, पुसल्या, पिनांना राळ चोळली. ज्या आवाजाशी उभा जन्म वैर केले, त्यालाच ते हातापाया पडून बोलावत होते.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक आला आणि काचेपलीकडे कानांवर हेडफोन चढवून बसला. आवाजबाईचा हात रागाने ताठला होता. तिने मला हिसका दिला. ‘टक.’ पुन्हा दिला. ‘चीं.’

“हा कुठल्या उंदराचा मठ?” दिग्दर्शक म्हणाला.

मालकाने खुशीत कॉम्प्युटरची करकर ऐकवली. दिग्दर्शकाने जांभई दिली. “ठीक आहे. चालवून घेऊ.”

आवाजबाई काचेपलीकडे कामाच्या कागदांवर सह्या करायला गेली. तिकडे चहा आला. माझ्याजवळचा माईक चालूच राहिला होता. कोपऱ्यात बसलेले बाबा पायांचा आवाज न करता माझ्याकडे आले. बिजागरीत आणखी थोडी राळ घालून पाहावी, एवढीच त्यांची आशा. त्यासाठी मला उघडणे भाग होते. कोणाला कळू नये म्हणून त्यांनी मला दोन्ही हातांनी किंचित वर उचलले आणि इंचाइंचाने ओढू लागले.

मित्रांनो, ते हात मी ओळखले. ते जॅमचे हात होते.

‘कर्रर्रर्रर्र...’

काचेपलीकडे दिग्दर्शकाचा चहा मालकाच्या विजारीवर सांडला. “कोण आहे तिथे?” तो ओरडला.

“मी नाही,” बाबा म्हणाले. “म्हणजे... मीच.”

“पुन्हा करा! अगदी तसंच!”

आता चोरी उरली नव्हती. बाबांनी मला ऐटीत ओढले. ‘टक.’ दिग्दर्शकाने कपाळ धरले. पण आवाजबाईच्या लक्षात आले. ती आत आली. “बाबा, असं समजा, मी शेजारच्या खोलीत आहे. आणि डॉक्टरांनी बंद केलेली साखर तुम्हाला फडताळातून काढायची आहे.”

बाबा कानापर्यंत लाल झाले. “तुला कसं कळलं?”

“साखरेचा डबा काय आपोआप रिकामा होतो?”

त्यांनी मला उचलले, आणि मी मनमुराद करकरले.

मी अजून इथेच उभे आहे. मठातले भूत आले की बाबांना बोलावणे जाते. माझ्या अंगावर त्यांनी खडूने लिहून ठेवले आहे, ‘तेल घालू नये. हुकुमावरून.’

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण बाटली उघडण्याआधी ती वस्तू काय काम करते, तेवढे बघा. कोणाला गुळगुळीत करण्याआधी त्याचा खडबडीतपणा कशासाठी आहे ते विचारा. मी तर करकरणारच, कोणाला आवडो न आवडो.

आणि पुढच्या वेळी पडद्यावर मठाचे दार हळूहळू उघडू लागले, तर उशीत तोंड लपवू नका. ताठ बसा आणि त्या भुताला मोठ्या सिस्टरच्या आवाजात सांगा, “बरणी डावीकडे आहे. चमचा घे हो.”