सरांचं नाव

नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका खाजगी रुग्णालयात हिमानी पडोळे नव्या औषधांच्या चाचण्यांचं काम पाहायची. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाला संमतिपत्र समजावून सांगणं हा त्या कामातला मोठा भाग. बहुतेक रुग्ण म्हणत, मॅडम, सही कुठं करू तेवढं दाखवा. ती म्हणायची, आधी हे पान ऐका. काही वैतागत, काही ऐकता ऐकता पेंगत. तिला त्याचं फारसं काही वाटेनासं झालं होतं. ती वाचून दाखवायची आणि पुढचं पान उलटायची.

तिचा मोठा भाऊ जितेंद्र भिवापूरला सुक्या मिरचीचा व्यापार करायचा. डिसेंबरातल्या एका रविवारी तो तिच्या फ्लॅटवर आला आणि चहा होईपर्यंतही न थांबता त्यानं पिशवीतून एक बांधीव पुस्तिका काढली. लाल, गुळगुळीत कव्हर. वर मराठीत छापलं होतं: 'लालमोती टोकन : श्वेतपत्रिका'. आतला मजकूर सगळा इंग्रजी होता.

"सरकारी आहे," तो म्हणाला.

"हे कोणी सांगतलं?"

"श्वेतपत्रिका लिहून आहे नं वर."

"दादा, क्रिप्टोवाले ह्याले व्हाईट पेपर म्हणते. नवं नाणं काढाच्या आधी आपली योजना लिहून काढते. कोणीबी लिहू शकते. त्याचं फक्त मराठी केलं ह्यायनं."

जितेंद्रनं मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं. लालमोती हे नवं क्रिप्टो चलन होतं, अजून बाजारात यायचं होतं. प्रत्येक टोकनमागे शीतगृहात ठेवलेली भिवापुरी मिरची असणार, मिरचीचा भाव चढला की टोकनचा भाव चढणार, असं कंपनीची माणसं तालुक्यात गावोगाव सांगत फिरत होती. बाजारात यायच्या आधी घेणाऱ्याला ते स्वस्तात मिळणार होतं. कांडप यंत्रासाठी बाजूला ठेवलेले पैसे जितेंद्र त्यात घालणार होता. त्याच्या बायकोनं, वंदनानं, एकच अट घातली होती: आधी हिमानीला दाखवा.

"तू वाचजो अन् सांगजो," तो म्हणाला. "पण मले काही शंका नाही. हे पाह्य." त्यानं सल्लागारांचं पान उघडलं. पांढऱ्या केसांचा, टाय लावलेला एक माणूस फोटोतून गंभीरपणे पाहत होता. डॉ. विश्वनाथ देवतळे, कृषिशास्त्रज्ञ. "आमचे सर. कॉलेजात मले शिकवलं त्यायनं. आपल्या मिरचीवर त्यायच्याएवढं काम कोणाचं नाही. सर कोणत्या भलत्याच कागदावर आपलं नाव टाकू देईन का वं?"

हिमानीनं आठवडाभर ती पुस्तिका वाचली. कामावर वाचायची तशीच वाचली, पेन्सिल घेऊन. मिरचीवरचं प्रकरण उत्तम होतं. माती, वाण, तिखटपणा, वाळवणीची पद्धत, सगळं नेमकं आणि स्वच्छ. बाकीचा मजकूर दुसऱ्याच हातचा वाटत होता. त्यातलं एक वाक्य तिनं इंटरनेटवर शोधलं, तर ते जसंच्या तसं एका परदेशी प्रकल्पाच्या कागदात सापडलं. तो प्रकल्प कॉफीवरचा होता. मिरचीवाल्यांनी कॉफीच्या जागी मिरची घातली होती, पण एका ठिकाणी कॉफीची कृती तशीच राहून गेली होती. त्यामुळे भिवापूरच्या मिरचीच्या बिया भाजून दळाव्यात असं एका परिच्छेदात आलं होतं. ती जरा वेळ हसली.

मग तिनं टोकनांची वाटणी पाहिली. अर्ध्याहून जास्त टोकनं संस्थापक आणि सल्लागारांकडे राहणार होती आणि ती पहिल्याच दिवशी विकायला त्यांना मोकळीक होती. शेवटाकडच्या एका पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की टोकनधारकाचा साठवलेल्या मालावर कोणताही हक्क राहणार नाही, असा माल ठेवण्याचं कंपनीवर बंधन नाही, आणि कंपनी केव्हाही आणखी टोकनं काढू शकते. कागदात काही लपवलेलं नव्हतं. सगळं लिहून दिलेलं होतं.

पुढच्या रविवारी तिनं जितेंद्रला ते पान मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "सरायनं हे पाह्यलंच असन नं. त्यायच्या नजरेतून सुटन का?"

"मंग चाल, त्यायलेच विचारू."

देवतळे सर बजाजनगरात एकटे राहत. त्यांनी जितेंद्रला लगेच ओळखलं, कोणत्या वर्षीचा तेही सांगितलं. बैठकीत लालमोती कंपनीनं दिलेलं मानपत्र काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. निवृत्तीनंतर विद्यापीठानं एकदाही बोलावलं नाही, असं ते चहा घेताना सहज म्हणाले. ह्या पोरांनी मात्र घरी येऊन, पाया पडून, मिरचीवर लिहून मागितलं होतं.

"मिरचीचं प्रकरण तुमचं आहे, हे वाचतानाच कळलं, सर," हिमानी म्हणाली. "बाकीचं तुम्ही वाचलं का?"

"बाकीचं माझ्या विषयातलं नाही."

"पण तुमचं नाव सगळ्या पुस्तिकेवर आहे." तिनं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. सरांनी चष्मा लावला नाही. "सल्लागारांना टोकनं मिळणार आहेत आणि ती पहिल्याच दिवशी विकता येतील, असंही त्यात आहे. तुम्हाला हे माहीत होतं का?"

सरांनी कप बशीत ठेवला. "बाई, मी सगळी हयात संशोधनात घालवली. तुम्ही मला वाचायला शिकवायला आलात का?"

"नाही, सर. विचारायला आले."

"विचारून झालं असेल तर मला जरा पडायचं आहे."

बाहेर आल्यावर जितेंद्रनं गाडीची किल्ली हातात घेतली, पण गाडी सुरू केली नाही. "म्हाताऱ्या माणसाले त्याच्याच घरात असं बोलते का कोणी? काहून आणलं मी तुले, काय माहीत." हिमानीला वाईट वाटत होतं, पण विचारलं ते चुकलं असं वाटत नव्हतं. जितेंद्रनं तिला घराजवळ सोडलं आणि वर न येता तसाच उमरेड रोडनं परत गेला.

जानेवारीत रामदासपेठेतल्याच एका हॉटेलच्या हॉलमध्ये कंपनीनं सभा ठेवली. हिमानी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून गेली. जितेंद्र पुढच्या रांगेत तालुक्यातल्या लोकांबरोबर बसला होता. त्यानं वळून पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागला. कंपनीचा प्रमुख कृष्णकांत नावाचा तिशीतला माणूस होता, आवाज मृदू, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. त्यानं पडद्यावर शीतगृहाची चित्रं दाखवली आणि देवतळे सरांना बोलायला बोलावलं.

सर नेहमीसारखेच बोलले, म्हणजे मिरचीबद्दल आणि लांबण लावून. लोक आदरानं ऐकत होते. बोलणं संपलं असं वाटलं तेव्हा त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि घडी घातलेला एक कागद उघडला.

"ह्या पुस्तिकेतला एक भाग इंग्रजीत आहे," ते म्हणाले. "मी त्याचं मराठी करून आणलं आहे. वाचतो."

आणि त्यांनी तो भाग वाचला. हक्क नाही, बंधन नाही, आणखी टोकनं केव्हाही. मग सल्लागारांना काय मिळणार तेही वाचलं आणि म्हणाले, "ह्यातला एक सल्लागार मी आहे. नाव द्यायच्या आधी हे मी वाचलं नव्हतं." एवढं बोलून ते खाली बसले.

हॉलमध्ये कुजबुज झाली. कृष्णकांत हसत पुढे आला. "सर खूप प्रामाणिक आहेत. पण हा लीगल मजकूर असतो, भाऊ. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतपण असतोच ना? वकील लिहायला लावतात."

जितेंद्र उभा राहिला. "साहेब, मी मिरचीवाला माणूस. एक विचारतो. हे टोकन घेऊन मी आलो अन् म्हणलं, माह्या वाटची मिरची द्या, तर भेटन का?"

"तुम्ही टोकन विकू शकता. कधीही."

"ते समजलं. मिरची भेटन का?"

"मिरचीची गरजच काय पडणार तुम्हाला?"

"म्हणजे नाही भेटत."

"भाऊ, हा डिजिटल जमाना आहे," कृष्णकांत म्हणाला. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. जितेंद्र खाली बसला नाही. खुर्चीवरची पिशवी उचलून तो बाहेर निघून गेला. दहाबारा माणसं त्याच्यामागे उठली. बाकीची बसून राहिली आणि जेवणाआधी नोंदणीच्या टेबलापुढे रांग लागली. हिमानीनं दारातून ती रांग पाहिली. त्यात म्हातारी माणसं होती, नुकती नोकरीला लागलेली मुलं होती, एक शाळामास्तर होते. वेडं त्यांच्यात कोणीच दिसत नव्हतं.

जितेंद्रनं पैसे घातले नाहीत. तसं तो हिमानीला म्हणाला नाही, वंदनानं फोनवर सांगितलं. कंपनीनं पुढच्या आवृत्तीत सरांचं नाव आणि फोटो काढून टाकला. मिरचीचं प्रकरण तसंच ठेवलं, फक्त लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. मार्चमध्ये टोकन बाजारात आलं. पहिले काही दिवस भाव चढला आणि भिवापुरात जितेंद्रला चहाच्या टपरीवर लोकांनी चिडवलं. मग भाव घसरू लागला, थोडा थोडा, आणि उन्हाळ्याच्या शेवटी विकत घ्यायलाच कोणी उरलं नाही. कंपनीच्या ऑफिसात दुसरंच दुकान आलं. कृष्णकांत कुठं गेला ते कोणाला नीट सांगता आलं नाही. कागदानं दिलेली सगळी मोकळीक त्यानं वापरली होती, त्यामुळे तक्रार नेमकी कशाची करायची यावरच पोलिस ठाण्यात लोकांचा गोंधळ उडाला.

सरांनी खरं सांगितलं ते सभेत. पण त्याच्या आधीच, ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरात, त्यांच्या फोटोकडे पाहून पैसे दिलेले लोक होते. त्यातले काही बजाजनगरात येऊन बोलून गेले. सरांनी कोणाला दार लावलं नाही. एकानं बरंच बोलून घेतलं, ते त्यांनी उभ्यानं ऐकलं. मानपत्र भिंतीवरून केव्हा उतरलं ते कळलं नाही, नंतर हिमानी गेली तेव्हा तिथं नुसता खिळा होता. त्या दिवशी ते तिच्याशी जास्त बोलले नाहीत. टोकनांच्या वाटणीचा तक्ता मात्र त्यांनी तिच्याकडून ओळीनं समजून घेतला, मध्येच थांबवून पुन्हा विचारत.

सप्टेंबरात जितेंद्रचा फोन आला. सभेनंतर त्यानं आपणहून केलेला हा पहिलाच फोन होता.

"सर आल्ते इकडं," तो म्हणाला. "एसटीनं. मी म्हणलं, गाडी पाठवतो, तर नाही म्हणे."

"काहून आल्ते?"

"नानाजी आहे नं, उमरेडच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेला. त्यानं सरायचा फोटो पाहून बम पैसे टाकले होते. तो कधी नागपूरले गेला नाही, काही बोललाबी नाही. तर सरच त्याच्या घरी आले. मले म्हणे, सोबत चाल."

"मग?"

"मग काय. बसले. नानाजीनं चहा केला. सर म्हणाले, माझी चूक झाली, न वाचता नाव दिलं. नानाजी म्हणाला, हो. मलेच कसंतरी वाटे. मंग नानाजी उठला अन् सरायले वावरात घेऊन गेला. मिरचीचे पानं चुरडले होते त्याच्या. म्हणे, हे पाहून द्या."

"पाह्यलं त्यायनं?"

"वाकून वाकून पाह्यलं. उलटून पाह्यलं. वाटते कीड आहे, म्हणाले, फवारा सांगतो. तर नानाजी त्यायच्याकडं पाहून म्हणते, नक्की नं, सर?"

"सर काय म्हणाले?" हिमानीनं विचारलं.

"नक्की नाही म्हणाले. एक झाड मुळासकट उपटून द्या, म्हणे, मी लॅबमध्ये दाखवतो, मंग सांगतो. नानाजीनं दोन उपटून दिले. ओल्या फडक्यात बांधले. सर ते मांडीवर घेऊन एसटीत बसले."