पहिल्या तारखेचं सूप

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खलबत्ता. लालबागच्या बाजारातून रमाबाईंनी मला नायगावच्या चाळीत आणलं. त्यांचा हात वर गेला की बांगड्या वाजायच्या, खाली आला की मी वाजायचो. त्यांची लेक अपेक्षा त्याच आवाजाने उठायची. ती शिकायला बोस्टनला निघाली, तेव्हा तिने बॅगेतून जाड स्वेटर काढला आणि मला ठेवलं.

तिथे तिच्याच फ्लॅटमध्ये दादरची नूपुर राहायची. रोज माझ्यात आलं कुटायची आणि म्हणायची, "हा आहे म्हणून चहा घरचा लागतो गं."

कॉलेज सांभाळून अपेक्षा रोझलीन मावशींच्या खानावळीत काम करायची. मावशी हैती देशाच्या. एक जानेवारीला त्यांचा लाकडी खल तडकला, म्हणून अपेक्षाने मला नेलं. लसूण, कांद्याची पात, टोपीसारखी दिसणारी जहाल मिरची माझ्यात कुटून भोपळ्याच्या सूपमध्ये पडली.

"हे सूप आमचे पूर्वज रांधायचे आणि मालक प्यायचे," मावशी म्हणाल्या. "गुलामांना तोंड लावायची बंदी. सुटलो, तेव्हा सगळे मिळून प्यायलो. तो आजचा दिवस."

"आज माझी आई भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी असेल," अपेक्षा म्हणाली. "आमचे पूर्वज तिथे लढले. आम्हाला तर पाण्याचीच बंदी होती."

मावशींनी तिची वाटी पुन्हा भरली.

नूपुरसाठी अपेक्षा डबा घेऊन आली. मावशींची गोष्ट सांगितली, आईचीही.

नूपुरने वाटी खाली ठेवली. "यात बीफ आहे ना?"

"हो. परवा बीफ बर्गर खाल्लास की."

"ते बाहेर गं. आणि तू कधी बोलली नाहीस, तुम्ही त्यातले ते. माझं तसं काही नाही हं. पण हा खलबत्ता आता तुझ्या खोलीत ठेव."

अपेक्षाने मला उचलून आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवलं. पुन्हा कधी माझ्यात काही कुटलं नाही. दोन हिवाळे खिडकीच्या काचेवरचं पाणी माझ्यावर ठिबकलं. मी गंजलो.

ती परतली तोवर चाळ पाडून टॉवर झाला होता. रमाबाईंनी मला मांडीवर घेतलं.

"याला काय झालं गं?"

"तिकडची हवा, आई."

"आणि तुझी ती मैत्रीणही परतली ना, तिला बोलव की जेवायला. दादर काय लांब आहे?"

"ती बिझी असते."

मित्रांनो, माझा गंज रमाबाई चिंचेने घासतील, तेलाचा हात फिरवतील. मी सुधारेन. पण तुमच्या दारात कुणी वाटी घेऊन आलं, तर ती गरम आहे तोवर हातात घ्या. त्या रात्री नूपुरच्या सूपवर तवंग गोठला. सकाळी अपेक्षाने ते ओतून दिलं, आणि वाटीही तिनेच घासली.