कडीच्या पलीकडची खूण

मित्रांनो, गॅरेजच्या कोपऱ्यात, बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी, हातभर लांबीचा पिवळाधमक नळीचा तुकडा उभा आहे ना, तो मी. रंगावर जाऊ नका. रंग नवा आहे, मी मात्र फार जुना आहे. आणि खरं सांगायचं तर या नव्या रंगानंच माझा घात केला.

ओहायोतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या सोबतच्या नळ्या कुणाच्या कुंपणाला लागल्या, कुणाच्या तळघरात पाणी वाहत बसल्या. माझं नशीब थोर! मी टॅम्ब्लिन कॉलेजच्या फुटबॉल मैदानावर गोलखांब झालो. नदीच्या बाजूचा, उजव्या हाताचा. माझ्या टोकाला, बाहेरच्या अंगाला, एक लहानशी कडी जोडलेली होती. वारा कुठून येतो ते किक मारणाऱ्याला कळावं म्हणून तिच्यात तांबडी फीत बांधायचे. ही कडी ध्यानात ठेवा, मित्रांनो. पुढे सगळं तिच्यावरच अडणार आहे.

आमच्याकडचा फुटबॉल लांबट चामडी चेंडूचा. तो छातीशी धरून पळतात, एकमेकांना आडवं पाडतात, आणि अगदीच निकड आली की पायानं उडवून दोन खांबांच्या मधून पार करतात. त्याचे तीन गुण. खांबांना काम एकच, उभं राहायचं आणि बघायचं. अकरा वर्षं मी काय बघितलं, तर आमचं हरणं! नदीपलीकडच्या कॅलवेल कॉलेजची पोरं दर नोव्हेंबरात येत आणि आमचं नाक कापून जात. तरी गाव यायचंच. घोंगड्या गुडघ्यांवर घेऊन, थर्मासातली कॉफी पीत चार तास थंडीत बसायचं आणि "पुढच्या वर्षी बघून घेऊ" म्हणत घरी जायचं. अशा माणसांवर माया बसणार नाही तर काय होईल?

बाराव्या वर्षी मात्र जमलं. घरची शेवटची मॅच, आम्ही तेरा, कॅलवेल चौदा, आणि उरले चार सेकंद. किक मारायला आला लेलंड प्रुइट. वीस वर्षांचा, गायीगुरांच्या घरातला, अबोल पोरगा. त्याचा दोस्त कर्टिस चेंडू जमिनीवर उभा धरून बसला. लेलंडनं माझ्या फितीकडे एकदा बघितलं आणि लाथ हाणली. तेवढ्यात कॅलवेलचा एक दांडगोबा त्याच्या अंगावर कोसळला. चेंडू सरळ माझ्याकडेच आला. कडीच्या बरोबर उलट्या अंगाला, म्हणजे आतल्या बाजूला, तो मला घासला. टण् असा बारीक आवाज झाला, माझ्यावर चामड्याचा तपकिरी ओरखडा उमटला आणि चेंडू आतून पार झाला. पार झाल्यावर वाऱ्यानं त्याला उजवीकडे, नदीकडे ढकललं. खाली उभ्या पंचानं दोन्ही हात वर केले. सोळा-चौदा!

आता आमच्या गावाची रीत ऐका. मोठी मॅच जिंकली की लोक मैदानात घुसतात आणि आनंदाच्या भरात गोलखांब उपटतात. हसू नका! शाबासकी म्हणून मुळासकट उपटलेला माझ्याइतका भाग्यवान दुसरा कोण असेल? खांद्यांवर घालून त्यांनी मला गावभर मिरवलं आणि अवजारांच्या दुकानात माझे करवतीनं तुकडे केले. ज्याला जो मिळाला तो त्यानं घरी नेला. माझं टोक, कडीसकट, ऑर्विल न्हाव्याच्या वाट्याला आलं. त्यानं मला सलूनच्या भिंतीवर आरशाच्या वर टांगलं.

तिथं माझी खरी चैन झाली. घरची मॅच असली की शनिवारी सकाळी सलून गच्च भरायचं आणि त्या मॅचची उजळणी व्हायची. मैदानात माणसं मावायची नऊ हजार, पण "मी होतो तिथं" म्हणणारे मीच तीसेक हजार ऐकले असतील. टपालवाला ड्वेन तर शपथेवर सांगायचा की तो चेंडू त्याच्याच मांडीवर येऊन पडला.

"ड्वेन, तू त्या दिवशी गालगुंड होऊन घरी पडला होतास," ऑर्विल वस्तरा परजत म्हणायचा. "तुझ्या आईनंच सांगितलंय मला."

"आईला फुटबॉलमधलं काय कळतंय!"

ऑर्विलचा एक दंडक होता. मला पुसायचं नाही. एका वर्षी त्यानं माझ्यावर ओलं फडकं फिरवलं आणि त्याच दुपारी आम्ही चाळीस-शून्यनं हरलो. तेव्हापासून "धुतला की हरला" असं सलूनमध्ये ठरूनच गेलं. वेडगळ समजूत खरी, पण तिच्याच कृपेनं माझ्यावरची धूळ, गंज आणि तो ओरखडा अठ्ठेचाळीस वर्षं जसाच्या तसा राहिला.

लेलंड मात्र शनिवारी कधीच यायचा नाही. तो मंगळवारी यायचा, सलून रिकामं असताना. केस कापायला बसला की नजर खाली, आरशात मी दिसायला नको म्हणून. मला वाटायचं, लाजाळू आहे बिचारा. ऑर्विल गेला, त्याची मुलगी नॅडीन सलून चालवू लागली, लेलंड सत्तरीला टेकला, तरी त्याचा मंगळवार काही सुटला नाही. या ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी तो खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाला,

"पोरी, एक सांगू? तुझ्या बापाला सांगायची हिंमत कधी झाली नाही."

"सांगा की, लेलंडकाका."

"तो चेंडू बाहेर गेला होता."

नॅडीनची कात्री थांबली. "काहीतरीच काय!"

"मी खाली पडलो होतो, पण डोळे उघडे होते माझे. खांबाच्या उजवीकडून चालला होता चेंडू. पंच चुकला, गाव नाचायला लागलं आणि मी गप्प बसलो. तेव्हापासून हॉटेलवाला माझ्याकडून कॉफीचे पैसे घेत नाही. चोरीची कॉफी पितोय मी आयुष्यभर." मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, पानगळ बघाल, बर्फाचं सांगता येत नाही. म्हटलं, एकाला तरी सांगून जावं."

मित्रांनो, त्यानं बघितलं ते खरंच होतं! पण ते नंतरचं, वाऱ्यानं ढकलल्यावरचं. मी त्याच्या डोक्यावर दोन हातांवर टांगलेला होतो आणि मला तोंड नव्हतं. लोखंडाला तोंड नसतं याचं इतकं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

तो गेल्यावर नॅडीन रडली. मग डोळे पुसून तिनं ड्वेनला बोलावलं. लेलंडचं बोलणं तिनं पोटातच ठेवलं. "हा खांब आपण लेलंडकाकांना देऊन टाकू," ती म्हणाली. "शनिवारच्या मॅचला सगळे जुने विद्यार्थी येतात, त्यांच्यासमोर. गावाला त्यांचं किती कौतुक आहे ते त्यांना कळू दे."

"पण असा गंजका, डागाळलेला द्यायचा?" ड्वेन म्हणाला.

"बाबांचा दंडक आहे रे. धुतला की हरला."

"अगं, न धुता तरी कुठं दिवे लावतोय आपण!"

दोघं हसली. आणि ड्वेननं पॉलिशपेपर काढला. किती मायेनं घासत होता तो! "हा बघ, काय चिवट डाग आहे," म्हणत त्यानं नेमक्या त्याच जागेवर जोर लावला. नको रे बाबा, तेवढं नको! पण कुणाला सांगू? तपकिरी भुकटी फरशीवर पडली, नॅडीननं ती केसांबरोबर झाडून टाकली. मग माझ्यावर पिवळ्या रंगाचे दोन हात चढले.

शनिवारी लेलंडला अंथरुणातून उठताच आलं नाही, तो मैदानावर आला नाही. रविवारी त्याला कर्टिसचा फोन आला. म्हाताऱ्या दोस्तापाशी त्यानं तीच खंत बोलून दाखवली, तेव्हा कर्टिस म्हणाला, "अरे गाढवा, मी टण् असा आवाज ऐकलाय! चेंडू खांबाला घासलाय. म्हणजे खूण असणार. कडीच्या बाजूला असली तर बाहेर, उलट्या बाजूला असली तर आत. ऑर्विलनं कधी पुसलाय का तो? जा, बघून ये!" हे मला पुढे लेलंडनंच सांगितलं.

मंगळवारी तो आला. धापा टाकत, खिशात भिंग घेऊन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मान वर करून भिंतीकडे बघितलं. भिंतीवर मी नव्हतो.

"डोळे मिटा, काका," म्हणत नॅडीननं मला कपाटातून काढून त्याच्या हातात दिलं. कडीत नवी तांबडी फीत बांधली होती. "आता उघडा! तुमचाच आहे हा. कसा झालाय?"

त्यानं कडी चाचपली. मग मला फिरवून उलटी बाजू वर केली. गुळगुळीत पिवळा रंग. त्यानं त्या जागेवरून दोनदा अंगठा फिरवला. नॅडीनच्या हातावर अजून रंगाचे डाग होते.

"ते भिंग कशाला आणलंत?" तिनं विचारलं.

"हे होय? पेपर वाचायला," तो म्हणाला. "छान झालाय गं, पोरी. अगदी नव्यासारखा."

घरी रोज दुपारी तो मला मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचा. कर्टिसचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगायचा. त्याचा अंगठा नेमका त्या जागेवर यायचा, आणि तो म्हणायचा, "तू तर होतास ना तिथं? सांग की रे." पानं झडून संपली, आणि एका दुपारी अंगठा तिथंच राहिला. त्याच आठवड्यात बर्फ पडला.

आता लेलंडच्या मुलीनं मला इथं गॅरेजात ठेवलंय. शनिवारी लांबून मैदानावरच्या बॅंडचा आवाज येतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल. मळकी, ओरखडलेली. तिला जरूर जपा. पण जपायला म्हणून घासायला बसाल, तेव्हा आधी तो डाग कशाचा आहे ते चार माणसांना विचारा. आम्हाला बोलता येत नाही हो. जे काही सांगायचं असतं, ते आमच्या डागांतच असतं.

आत गेला होता, लेलंड. आतून गेला होता तो.