डब्यातला पिवळा तुरा

मित्रांनो, मी एक जुना फ्लॉवर आहे. तीन दिवसांचा! आमच्यात तेवढं म्हणजे म्हातारपणच. नाशिककडच्या शेतात पानांच्या कुशीत वाढलो, टेम्पोतून साकीनाक्याला आलो. पहिल्या दिवशी भाजीवाला माझा पांढरा रंग सगळ्यांना दाखवायचा. मग डाग पडले आणि गिऱ्हाइकं मला उलटंपालटं करून परत ठेवू लागली.

शेवटी शकूने मला घरी नेलं. सकाळच्या डब्याची तयारी म्हणून तिने संध्याकाळीच विळी मांडली, आणि माझी पाचावर धारण बसली. तुकडे होणार, मी संपणार!

तिची लेक मनाली माझ्याहून घाबरलेली. उद्या तिला वर्गात फ्रॅक्टल समजावून सांगायचं होतं. मागच्या वेळी फळ्यापुढे तिची बोबडी वळली होती आणि सगळा वर्ग हसला होता.

"आई, उद्या माझी वाट लागणार गं. काही कळतच नाहीये."

"आधी हा मोड," दांडा कापून शकू म्हणाली. "हातानेच. आतली कीड दिसते."

कट्कन माझा तुरा मोडला. संपलं सगळं!

पण मनाली थबकली. "आई, हा तर अख्खा गड्डाच आहे ना, फक्त छोटा!" तिने त्यातला तुरा मोडला. तोही तसाच. "मॅडम हेच सांगत होत्या! भाग पूर्णासारखा, भागाचा भागही तसाच. फ्लॉवरमध्ये तीन-चारदा, गणितात मात्र ते कधीच संपत नाही."

कधीच संपत नाही? माझ्या जिवात जीव आला.

वर्गात दाखवायला तिने मला, शेवटच्या तुऱ्याला, वाटीखाली झाकून ठेवलं. सकाळी वाटी उचलली तर खाली काहीच नाही!

"अगं बाई, तो मी सवयीने मिठाच्या पाण्यात टाकला," शकू म्हणाली. "आता भाजीत गेला."

हळद, तिखट, उकळतं तेल! काय सांगू?

वर्गात मनालीने थरथरत्या हातांनी डबा उघडला.

"ए, भाजी आणली रे हिने!" मुलं हसली. तिचे डोळे भरले. तरी तिने मला, तेलकट पिवळ्या तुऱ्याला, उचलून मोडलं. पुन्हा मोडलं. बोलत राहिली. हसणं थांबलं.

"परत तसाच!" मागच्या बाकावरून यज्ञेश ओरडला.

आता मी तिच्या बोटावर आहे, मोहरीएवढा. भीती अजून वाटते, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, डागाळलो म्हणून मला फेकू नका. खा, पण आधी एकदा मोडून बघा. मी इतका हलका झालोय की जराशा थरथरीनेही पडेन. पण मनालीचा हात आता थरथरत नाही.